परदेशात राहून भारतातलं मूल दत्तक घेणं म्हणजे नक्की काय, आणि मूल घरी आल्यावर पुढे काय

माझा दादा आणि वहिनी अमेरिकेत असतात, दोघांकडे तिथलं नागरिकत्व आहे, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी ओडिशातल्या एका संस्थेतून सहा वर्षांची मुलगी दत्तक घेतली. पासपोर्ट आणि व्हिसा होईपर्यंत सहा आठवडे ती आमच्याकडे बडोद्यात होती, दांडिया बाजारातल्या घरी. तेव्हापासून मला फोन येतात. बडोद्यात कुणाचा भाऊ न्यू जर्सीला असतो, कुणाची मुलगी टोरांटोला, आणि प्रश्न साधारण तेच असतात: किती वेळ लागतो, इतका वेळ का लागतो, आपल्या नात्यातलंच मूल घेतलं तर लवकर होईल का, आणि मग शेवटी जरा आवाज खाली आणून, मूल खरंच आपलं होतं का हो? म्हणून एकदा सगळं बैजवार लिहून काढते. मुलीचं नाव लिहिणार नाही आणि ती संस्थेत कशी आली तेही नाही, ती गोष्ट तिची आहे, मोठी झाली की सांगायची का नाही ते तिनं ठरवायचं.

आधी एक गैरसमज. आपल्या डोक्यात दत्तक म्हणजे वारस. इतिहासाच्या पुस्तकात 'दत्तक वारसा नामंजूर' वाचून आपण मोठे झालो, आणि बडोद्यात तर दत्तक शब्द काढला की सयाजीरावच आठवतात. कवळाण्यासारख्या खेड्यातला गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा, २७ मे १८७५ ला महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव झाला. राज्याला वारस हवा होता म्हणून मूल आणलं. आजच्या कायद्यात विचार बरोबर उलटा आहे, ज्या मुलाला घर नाही त्याच्यासाठी घर शोधायचं. तुम्हाला मूल हवंय ही तुमची गरज, ती खरी आहे, पण सिस्टीम तुमच्यासाठी चालत नाही, मुलासाठी चालते. एवढं एक डोक्यात बसलं ना की पुढची प्रत्येक दिरंगाई, प्रत्येक फॉर्म आणि घरी आल्यावरचा प्रत्येक विचित्र वाटणारा नियम कळायला लागतो.

इतकं कडक का केलं? कारण पूर्वी नव्हतं. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाला एक पत्र लिहिलं, की भारतातली मुलं परदेशात पाठवली जातायत आणि त्यात मुलांचे हाल होतायत. कोर्टानं त्या पत्रालाच याचिका मानलं आणि १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले. १९९० मध्ये कारा आली, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण. १९९३ मध्ये हेग शहरात देशोदेशींचा करार झाला, त्यात भारत २००३ पासून आहे. कराराचा गाभा असा, की मुलाला आधी त्याच्याच घरी ठेवता येतं का बघा, नाही तर त्याच्याच देशात घर मिळतं का बघा, आणि मगच बाहेर. आणि पैसे घेऊन मूल द्यायचं घ्यायचं नाही. बाकीच्या देशांत काय झालं ते बघितलं तर ही भीती उगाच नाही हे कळतं. दक्षिण कोरियातून युद्धानंतरच्या काही दशकांत लाखाहून जास्त मुलं परदेशात गेली, आणि मार्च २०२५ मध्ये तिथल्याच सरकारी सत्यशोधन आयोगानं सांगितलं की कित्येकांचे कागद खोटे होते, आईबाप जिवंत असलेली मुलं अनाथ म्हणून दाखवली होती. चीननं २०२४ मध्ये परदेशी दत्तक जवळजवळ बंदच केलं, फक्त जवळच्या नात्यातलं चालू ठेवलं. नेदरलँड्सनंही बंद करायचं ठरवलंय. आज चाळीस-पन्नाशीतली माणसं आपली खरी कागदपत्रं शोधत फिरतायत. म्हणून कुणी म्हणालं ना, 'एक ओळखीचे आहेत, थोडं डोनेशन दिलं की लवकर होईल', तर तो फोन तिथंच ठेवून द्या. फी नियमात ठरलेली आहे, ती पावतीनं भरायची. ते लवकर म्हणजे कुठल्यातरी आईचं मूल घाईनं कागदावर अनाथ करणं असू शकतं.

आता प्रत्यक्षात कागद कसा फिरतो. दोन बाजूंनी फिरतो, एक तिकडचा देश आणि एक इकडचा. दादानं तिथल्या, कारानं मान्यता दिलेल्या एजन्सीकडे नाव नोंदवलं. परदेशात राहणाऱ्यानं भारतातल्या संस्थेत थेट जाऊन मूल बघायचं नसतं, एजन्सीमार्फत किंवा त्या देशाच्या सरकारी प्राधिकरणामार्फतच जायचं, आणि त्या देशात दोन्ही नसेल तर भारतीय दूतावासामार्फत. मग होम स्टडी. सोशल वर्कर घरी येते, पगार, आजारपणं, पोलीस रेकॉर्ड, घरात गॅलरीला कठडा आहे का, हे तर असतंच, पण तुमचं लहानपण कसं गेलं, वडील मारायचे का, मूल होत नाही हे कळल्यावर तुम्ही दोघं एकमेकांशी कसे वागलात, हेही विचारते. वहिनी त्या रात्री फोनवर खूप रडली होती. आधी मला राग आला होता की हे कशाला विचारायचं, पण आता वाटतं विचारायलाच पाहिजे, कारण मूल घरी आल्यावर नेमक्या ह्याच जुन्या जखमा उघड्या पडतात.

मग अमेरिकन इमिग्रेशनचा आय-८००ए नावाचा फॉर्म, म्हणजे हे आईवडील दत्तक घ्यायला योग्य आहेत याची मंजुरी. ती आली की एजन्सी सगळी फाइल काराच्या केअरिंग्ज पोर्टलवर टाकते आणि वाट बघायची. इथं लोकांना एक माहीत नसतं: भारतीय पासपोर्टवर बाहेर राहणारा एनआरआय हा इथं राहणाऱ्या भारतीयाच्या बरोबरीनं रांगेत असतो, पण ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) आहे, त्याचा नंबर नंतर लागतो. म्हणजे त्यांना बहुतेक वेळा मोठी मुलं, भावंडांच्या जोड्या किंवा काही वैद्यकीय अडचण असलेली मुलं दाखवली जातात, इथं ज्यांना घर मिळालं नाही अशी. वयाचंही गणित आहे. नवरा बायकोच्या वयाची बेरीज करतात. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ती ८५ च्या आत पाहिजे, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १००, त्यापुढे ११०. एकट्या पालकाला अनुक्रमे ४०, ४५, ५० आणि ५५. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. दादा ४७, वहिनी ४४, बेरीज ९१, म्हणजे चार वर्षांच्या आतलं मूल त्यांना मिळणारच नव्हतं. हे आधी नीट समजून घेतलं तर पाळण्याची स्वप्नं बघण्यात दोन वर्षं जात नाहीत. आणि खरं सांगू, मोठं मूल म्हणजे दुय्यम असं काही नसतं, फक्त तयारी वेगळी लागते.

मुलाच्या बाजूनं काय झालेलं असतं? मूल सापडलं किंवा आईनं संस्थेकडे दिलं की लगेच ते दत्तकाला मोकळं होत नाही. आईनं स्वतः दिलं असेल तर तिला विचार बदलायला साठ दिवस मिळतात. सापडलेलं असेल तर घरच्यांचा शोध घ्यायचा, पेपरात फोटो द्यायचा, दोन वर्षांच्या आतलं असेल तर दोन महिने, मोठं असेल तर चार महिने, आणि मग बाल कल्याण समिती त्याला कायद्यानं मोकळं जाहीर करते. त्यानंतर दोन रिपोर्ट बनतात, मुलाचा अभ्यास रिपोर्ट आणि मेडिकल रिपोर्ट. फोटोबरोबर हेच तुमच्याकडे येतात. मेडिकल रिपोर्ट तिथल्या, दत्तक मुलांचा अनुभव असलेल्या बालरोगतज्ज्ञाला दाखवाच, कारण 'वजन कमी, बाकी नॉर्मल' ह्या एका ओळीमागे ॲनिमिया, जंत, टीबीचा संपर्क, उशिरा बोलायला लागणं असं बरंच लपलेलं असू शकतं, ते घाबरण्यासाठी नाही, तयारीसाठी कळायला हवं.

पसंती कळवल्यावर पुन्हा दोन्ही देश एकमेकांना हो म्हणतात. आय-८००, म्हणजे त्या ठरलेल्या मुलासाठीचा अमेरिकन फॉर्म, दूतावासाचं पत्र, काराची एनओसी. मग दत्तकाचा आदेश, जो पूर्वी कोर्टातून यायचा आणि सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. मूल पाच वर्षांच्या पुढचं असेल तर त्याचीही संमती घेतात. मग नवीन आईवडिलांच्या नावाचा जन्मदाखला, पासपोर्ट, आणि काराचं एक प्रमाणपत्र की हे दत्तक हेग कराराप्रमाणे झालंय, ज्याच्यामुळे तिकडं पुन्हा कोर्टात जावं लागत नाही. अमेरिकेचा आयएच-३ व्हिसा मिळालेलं मूल तिथं पाऊल ठेवताच नागरिक होतं. पहिल्या फोनपासून ह्या क्षणापर्यंत दादाला तीन वर्षं आणि वर थोडे महिने लागले.

नात्यातल्या मुलाचं विचारतात त्यांच्यासाठी. आपल्याकडे पद्धत आहे, भटजी बोलवायचे, दत्तविधान करायचं, दत्तकपत्र रजिस्टर करायचं. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानं ते इथल्या इथं वैध आहे. पण मूल परदेशात न्यायचं असेल तर नुसत्या त्या कागदावर व्हिसा मिळत नाही, जिल्हा पातळीवरची पडताळणी आणि काराची एनओसी लागतेच. आमच्या ओळखीत एकांनी बहिणीच्या मुलाचं दत्तविधान थाटात केलं आणि मूल दीड वर्ष इथंच अडकलं, ना धड ह्या घरात ना त्या. आधी काराचं बघा, मग मुहूर्त बघा.

आणि एच-वन-बीवाल्यांनी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत असलेल्यांनी, तर फार जपून. आय-८०० चा रस्ता फक्त अमेरिकन नागरिकांना आहे. बाकीच्यांच्या बाबतीत, दत्तक मुलाला इमिग्रेशनसाठी तुमचं मूल धरायला दोन वर्षं कायदेशीर ताबा आणि दोन वर्षं प्रत्यक्ष एकत्र राहणं लागतं, त्यामुळे एका पालकाला नोकरी सोडून दोन वर्षं भारतात येऊन राहावं लागू शकतं. हे मूल पसंत करायच्या आधी तिथल्या वकिलाकडून कळून घ्या, नंतर नाही.

उलट प्रश्नही एकदोघांनी विचारला, की आम्ही बडोद्यातच राहतो, आम्हाला दुसऱ्या देशातलं मूल घेता येईल का? येतं. त्या देशातल्या नियमाप्रमाणे तिथं सगळं पूर्ण करायचं, काराची मंजुरी घ्यायची, मुलाचा पासपोर्ट परदेशी असतो म्हणून तिथल्या भारतीय दूतावासातून व्हिसा आणि गृह मंत्रालयाची परवानगी. नागरिकत्व आपोआप मिळत नाही, त्याचा वेगळा अर्ज. पण आपल्याकडच्याच किती मुलांना घर नाहीये, तेव्हा ह्याचं कारण तुमच्याजवळ पक्कं असलं पाहिजे असं मला वाटतं.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. कागद संपले की लोकांना वाटतं झालं.

ती आली त्या दिवशी आम्ही चूक केली. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं, आणि घरात वीस माणसं. मावश्या, काका, शेजारच्या मासी, सगळे पेढे आणि बाहुल्या घेऊन. ती रडली नाही. सगळ्यांकडे बघून हसली, जो हात पुढं करील त्याच्या मांडीवर बसली, एकीचा हात धरून तर जिन्यापर्यंत गेली. सगळे म्हणाले, अगं किती पटकन रुळली! आणि रात्री वहिनीनं एजन्सीच्या कौन्सेलरला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर ती म्हणाली की हे रुळणं नाहीये. संस्थेत बायका ड्युटीप्रमाणे बदलतात, सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी, कोणी नोकरी सोडून जाते. तिथं मूल शिकतं की जो समोर आहे त्याच्याकडे बघून हसायचं, कारण घास त्याच्या हातात आहे. त्याला 'माझी माणसं' आणि 'बाकीची माणसं' हा फरकच माहीत नसतो. तो फरक शिकवायला लागतो, आणि शिकवायची पद्धत एकच, काही महिने मुलाला भरवणं, आंघोळ घालणं, झोपवणं, लागलं की जवळ घेणं, हे फक्त आईवडिलांनी करायचं. बाकी कुणीही नाही. आजीनंसुद्धा नाही.

माझ्या आईला हे सांगणं म्हणजे काय होतं ते मीच जाणते. तिनं तीन वर्षं ह्या नातीची वाट बघितली होती, संस्थेत पाठवलेल्या फोटोंच्या अल्बममध्ये तिचाही फोटो होता आणि पोरीनं आल्या आल्या नाकातल्या चमकीवरून तिला ओळखलं होतं. त्या आजीला सांगायचं, तिला उचलू नकोस, घास भरवू नकोस, मागितलं तर 'आईला विचार' म्हण. आई दोन दिवस बोलली नाही. मग तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच तिचा मार्ग काढला. वहिनीला संस्थेतल्या बायकांनी सांगितलं होतं की पोरीला पखाळ आवडतो, म्हणजे शिजवलेला भात रात्रभर पाण्यात भिजवून किंचित आंबवलेला, त्यात दही, आणि बरोबर तळलेल्या बड्या. आईनं रात्री भात भिजत टाकला, सकाळी दही कालवलं, आणि बड्या म्हणजे आपले सांडगेच की म्हणत डब्यातले उडदाचे सांडगे तळले. वाटी वहिनीच्या हातात दिली आणि आपण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पोरीनं पहिला सांडगा कुरकन चावला आणि वहिनीकडे बघून पहिल्यांदा, त्या सगळ्यांसाठीच्या हसण्यासारखं नाही, वेगळंच हसली. केलं आजीनं आणि मिळालं आईच्या हातून, दोन्ही झालं. ज्या आज्या-आजोबांना हा नियम जीवघेणा वाटतो त्यांनी एवढं करा. स्वयंपाक करा, कपडे धुवा, बाहेरच्या माणसांना दारात थांबवा, त्या आईबापाला झोपायला वेळ द्या.

भाषेचं तर काय सांगू. दुसऱ्या दिवशी दुपारी ती फ्रॉक पोटाजवळ धरून उभी, 'भोको लागुछि, भोको लागुछि' म्हणतेय आणि आई तिचा फ्रॉक उलटासुलटा करून बघतेय की भोक पडलंय कुठं. ओडियात भोक म्हणजे भूक. पाच मिनिटं ते लेकरू भुकेलं उभं राहिलं कारण आम्हाला एक शब्द माहीत नव्हता. त्या संध्याकाळी वहिनीनं यादी करून फ्रीजवर चिकटवली, भूक लागली, पाणी, शी, शोइबि म्हणजे झोपते, डर लागुछि म्हणजे भीती वाटते. पन्नास शब्द पुरतात, पण ते मूल यायच्या आधी पाठ असायला हवेत. मुलानं तुमची भाषा शिकायच्या आधी तुम्ही त्याची थोडी शिका.

एक गोष्ट मात्र दुखते. मूल जुनी भाषा फार वेगानं विसरतं, काही महिन्यांत. ती आता मराठी आणि इंग्रजी बोलते, ओडिया ऐकलं तरी कळत नाही. पण पूर्ण पुसलं जातं असंही नाही. कॅनडात फ्रेंच बोलणाऱ्या घरांत बाळ असताना दत्तक गेलेल्या चिनी मुलींवर एक अभ्यास २०१४ मध्ये आला, त्यांना चिनीचा एक शब्द येत नव्हता, पण चिनी भाषेतले सूर ऐकवल्यावर त्यांचा मेंदू जन्मापासून चिनी बोलणाऱ्यांसारखाच चालला. म्हणून वहिनी अजून कधी कधी ओडिया गाणी लावून ठेवते, समजो न समजो.

पहिल्या आठवड्यात उशीखाली पोळी सापडली. मग कपाटात अर्धा लाडू, सॅन्डलमध्ये बिस्कीट. हे चोरी नाही, रागवायचं तर अजिबात नाही. ज्याला पुढचं जेवण कधी मिळेल याची खात्री नव्हती ते मूल साठवणारच. कौन्सेलरनं सांगितल्याप्रमाणे तिला एक छोटा स्टीलचा डबा दिला, हा तुझा, ह्यात चणे-कुरमुरे कायम असतील, कुणी हात लावणार नाही. सुरुवातीला ती तो रात्री कुशीत घेऊन झोपायची. पाचव्या आठवड्यात डबा ओट्यावर राहिला आणि तिला आठवण पण झाली नाही.

झोपेचंही असंच. आपण हौसेनं वेगळी खोली सजवतो, पण जे मूल हॉलमध्ये पंधरा मुलांबरोबर झोपलंय त्याला ती शांतता भीतीदायक असते. वहिनीनं जमिनीवर गादी टाकली, दिवा चालू, आणि मधे एक हात.

एकोणिसाव्या दिवशी स्फोट झाला. कमाटीबागेतून घरी निघायचं म्हटल्यावर ती रस्त्यात आडवी पडली, किंचाळली, वहिनीच्या हाताला चावली, रक्त आलं. बघणारे म्हणायला लागले, बिघडलेली आहे. पण कौन्सेलरला हे ऐकून बरं वाटलं. इतके दिवस ती पाहुण्यासारखी गुणी वागत होती, आता तिला अंदाज आलाय की ही बाई मला टाकून जाणार नाही, म्हणून राग बाहेर यायची हिंमत झाली. पहिले काही आठवडे गोडीगुलाबीचे आणि मग अवघड काळ, हे बऱ्याच घरांत होतं. तेव्हा 'जा मग परत' असं चुकूनही, थट्टेतही म्हणायचं नाही. जवळ बसून राहायचं, कमी बोलायचं. आणि तिला राग कसला होता ते पण समजून घ्यायला हवं. आपल्यासाठी तिचं येणं आनंदाचं, पण तिनं तिच्या मैत्रिणी, संस्थेतली ती दीदी, तिथलं चिंचेचं झाड, सगळं एका सकाळी सोडलंय. तिच्याकडे त्या सगळ्यांचे फोटो ठेवलेत, रडू आलं की वहिनी तिच्याबरोबर बसून ते बघते, 'आता विसर' म्हणत नाही.

नाव बदलायचं का हाही प्रश्न येतो. आपल्याकडे नाव बदलायची सवय आहे, गोपाळरावाचा सयाजीराव झाला, सुनांची नावं बदलतात. पण सहा वर्षांच्या मुलीकडे स्वतःचं असं काय होतं? एक पिशवी, एक अल्बम आणि नाव. ते तरी राहू द्यावं. आडनाव बदललं, नाव तेच आहे.

लोकांच्या प्रश्नांची पण तयारी ठेवा. शेजारच्या एक मासी मुलीसमोरच, 'बेबीने क्यांथी लाव्या? खरी मम्मी कोण?' आणि आपल्यातलेही कमी नाहीत, जात कोणती, किती पैसे पडले. दादानं एक वाक्य ठरवून ठेवलं होतं, 'ती आमची मुलगी आहे, बाकीचं तिचं खाजगी आहे', आणि तेच प्रत्येकाला, तेवढ्याच शांतपणे. आम्ही नातेवाईकांनी पण तेच पाठ केलं. मुलाला मात्र सगळं खरं सांगायचं, त्याच्या वयाला पेलेल असं, बाळ असताना घेतलं असेल तर पहिल्या दिवसापासून. विसाव्या वर्षी लग्नाच्या गडबडीत दुसऱ्याच्या तोंडून कळणं फार वाईट असतं.

आणि वहिनीबद्दल लिहिलं नाही तर लेख अपुरा राहील. दादा दहा दिवसांनी नोकरीवर परत गेला आणि ती एकटी. एका रात्री म्हणाली, मला हिच्याबद्दल काहीच वाटत नाहीये, मी वाईट आई आहे का. बाळंतपणानंतर येतं तसं डिप्रेशन दत्तकानंतरही येतं, त्याला नाव आहे, उपचार आहेत. प्रेम विमानतळावर मिळत नाही. रोजच्या वेण्या घालण्यातून, ताप काढण्यातून हळूहळू चढतं. तिला चार महिने लागले, तिनंच मला हे लिहायला सांगितलंय.

शाळेची घाई करू नका. तिला तिकडे वयाच्या एक इयत्ता खाली घातलं, आणि ते फार बरं झालं. पोहोचल्यावर पहिल्याच महिन्यात पूर्ण मेडिकल तपासणी, लसी, कान, डोळे, दात. फॉलोअप रिपोर्ट दोन वर्षं जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी, म्हणजे एकूण सहा. सोशल वर्कर घरी येऊन मुलाशी बोलते. हे चुकवू नका, लपवू पण नका, काही बिनसलं असेल तर तीच मदत शोधून देते. नवीन देशाचं नागरिकत्व मिळालं की भारतीय नागरिकत्व जातं, तेव्हा पासपोर्ट जमा करून ओसीआय करून घ्या म्हणजे येणं-जाणं सोपं होतं. आणि मूळ आदेश, रिपोर्ट, संस्थेतले फोटो, तिच्या अंगावरचा तो पहिला फ्रॉक, सगळं एका पेटीत. पुढे तिला आपलं मूळ शोधावंसं वाटलं तर अठरानंतर ती स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी आईवडिलांबरोबर. जन्मदात्या आईची गोपनीयता कायदा जपतो, त्यामुळे सगळं कळेलच असं नाही, पण जे आहे ते तरी हरवायला नको.

सहावा रिपोर्ट गेल्या महिन्यात गेला. डिसेंबरमध्ये ते तिघं येतायत. परवा व्हिडिओ कॉलवर तिनं आजीला सांगितलं की तिला ती चिंच बघायचीय, जिच्याखाली ती आणि तिच्या मैत्रिणी खेळायच्या, झाड आहे का अजून. वहिनीनं एजन्सीमार्फत संस्थेला विचारलंय की येऊ का, आणि कौन्सेलरला विचारलंय की आत्ता न्यावं का थोडी मोठी झाल्यावर. दोघांचं उत्तर यायचंय. मी तोवर भुवनेश्वरची तिकिटं बघून ठेवलीत, आणि आई म्हणते जायचं ठरलं तर तीही येणार.